पितळ आधी तांबूस झालं होतं

महालक्ष्म्यांच्या आधीचा आठवडा होता. ग्वाल्हेरला आमच्या लष्कर भागातल्या जुन्या घरात या दिवसांत पितळेची सगळी भांडी माळ्यावरून खाली येतात. समया, ताम्हण, घंगाळ, आणि त्यांच्यासोबत तोफेच्या गोळ्याची एक पितळी पुंगळी. आजेसासरे शिंदे सरकारच्या फौजेत होते, त्यांनी ती आणलेली. फूटभर उंचीची, बुडाला गोलाकार अक्षरं कोरलेली आणि त्यात 1943 साल. महालक्ष्म्यांपुढे तेरड्याची फुलं तिच्यातच ठेवायची, असा आमच्या घरचा रिवाज आहे.

अंगणात मी चिंच भिजवून बसले होते. सासूबाई ओट्यावर वाती वळत होत्या. हे कामावर गेलेले. दुपारी साडेबाराच्या सुमारास फाटकाशी दोन माणसं आली. एक चाळिशीतला, एक विशीतला. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्रं, हातात कंपनीचं वाटावं असं पाकीट. "माताजी, पाउडर का प्रचार है, पैसा नहीं लेंगे. प्यास लगी है, पानी पिला दीजिए." मी पाण्याला आत गेले. परत आले तोवर ते ओट्यावर बसून सासूबाईंशी बोलत होते.

मोठ्यानं ताम्हणावर चिमूटभर भुकटी टाकली, वर बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी ओतलं आणि दात घासायच्या ब्रशानं दोनदा फिरवलं. वर्षाचा काळपटपणा डोळ्यांदेखत गेला. वास मात्र असा उग्र आला की सासूबाईंना ठसका लागला. मग त्यानं पुंगळी घेतली. ती तर आरशासारखी निघाली. पण रंग पितळेचा नव्हता. पितळ पिवळं असतं, हे तांब्याच्या लोट्यासारखं गुलाबीसर दिसत होतं. मला ते दिसलं, मी बोललेही. तो म्हणाला, "यही तो असली रंग है, बहनजी." इथे आमचं चुकलं. त्याच क्षणी त्यांना फाटकाबाहेर काढायला हवं होतं.

नंतर चांदीचं निरांजन झालं. आणि मग सहज बोलल्यासारखं, "माताजी के कंगन भी काले पड़ गए हैं." सासूबाईंच्या हातात त्यांच्या लग्नातल्या पाटल्या होत्या, 1974 सालच्या, दोन मिळून चार तोळे. साबण लावून त्यांनी काढूनही दिल्या. त्यानं त्या प्लास्टिकच्या वाडग्यात बुडवल्या, ब्रश फिरवला, पुन्हा बुडवल्या. मला म्हणाला हळद आणा. आणली. डबा आणा. आणला. प्रत्येक वेळी मी आत गेले की धाकटा सासूबाईंना काहीतरी दाखवत असायचा. शेवटी हळदीच्या पाण्यात पाटल्या घालून डबा बंद केला आणि सांगितलं, पंधरा मिनिटं मंद गॅसवर ठेवा, आधी उघडाल तर चमक जाईल, तोवर आम्ही शेजारच्या घरी पावडर दाखवून येतो. वाडग्यातलं पाणी त्यानं फेकलं नाही. जपून बाटलीत परत ओतलं आणि झाकण घट्ट लावलं.

ते परत आले नाहीत. डबा उघडला तर पाटल्या आत होत्या, म्हणून पहिल्यांदा जीव भांड्यात पडला. पण हळद धुतल्यावर त्या सोन्यासारख्या दिसेनात. अंग खरखरीत, मातकट. कडेला बारीक दाण्यांची नक्षी होती, एकेक दाणा नखाला लागायचा. आता बोट फिरवलं तर नुसतं सपाट लागत होतं, झिजलेल्या नाण्यावरून फिरवावं तसं.

संध्याकाळी हे आल्यावर आम्ही बाड्याजवळ सराफ्यात गेलो. जुनी पावती सासूबाईंच्या पोथीत होती. चार तोळे म्हणजे साडेशेहेचाळीस ग्रॅमच्या वर. काटा 39 ग्रॅमवर थांबला. सात ग्रॅमहून जास्त सोनं गेलं होतं. सराफ म्हणाले, ते पाणी नव्हतं, आम्लराज होतं. सोन्याला एकटं नायट्रिक आम्ल विरघळवत नाही, एकटं हायड्रोक्लोरिकही नाही. दोन्ही एकत्र झाली की सोनं विरघळतं. विरघळलेलं सोनं त्या बाटलीतून गेलं, नंतर ते सावकाश वेगळं काढतात. हळद का, तेही तेव्हा कळलं. सोनं विरघळलेलं पाणी पिवळं होतं. पाटल्यांना चिकटलेला तो पिवळेपणा आणि वर आलेला मातकटपणा, दोन्ही हळदीत झाकले जातात. गॅसवरची पंधरा मिनिटं पळून जाण्यासाठी.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते धाकट्या दिरांचं बोलणं. भाऊजी फौजेच्या आयुध विभागातून निवृत्त झालेत. त्यांनी पुंगळी उजेडात धरली आणि म्हणाले, "वहिनी, सोन्याच्या आधी इथे चोरी झालीय." पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. कडक आम्ल आधी जस्त ओढून घेतं, वर उरतं तांबं, म्हणून तो गुलाबी रंग. म्हणजे मळ निघाला नव्हता, धातू निघाला होता. पुढे पाटल्यांचं जे झालं ते त्यानं आम्हाला पितळेवर आधीच करून दाखवलं होतं.

त्यांनी आणखीही सांगितलं. फौजेत फायरिंग झालं की रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. बाहेरच्या देशांत नेमबाज त्या साफ करून पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, तो विषय वेगळा. पण ती माणसं साफसफाईला किती जपतात ते ऐकण्यासारखं आहे. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा घालून पुंगळ्या फिरत्या डब्यात तासन् तास घोळवायच्या, नाहीतर लिंबूसत्त्वाच्या पातळ पाण्यात काही मिनिटं ठेवून लगेच धुवायच्या. पितळ तांबूस दिसलं की आम्ल जास्त झालं असं समजायचं. अमोनिया असलेलं पॉलिश तर लांबच ठेवायचं. इंग्रजांच्या काळी इथेच, हिंदुस्थानात, पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली काडतुसं आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा, त्यानं ताणाखालचं पितळ फुटायचं. त्याचं कारण 1921 साली नीट उलगडलं. पितळेसारख्या दणकट धातूलाही चुकीचं पाणी आतून खाऊ शकतं, हे त्यांनी मला त्या दिवशी पुंगळी हातात देऊन समजावलं.

आपली चिंच, लिंबू, पितांबरी वरचा काळा थर काढतात आणि हात दुखेपर्यंत घासावं लागतं. ब्रशाच्या दोन फटकाऱ्यांत कुणी भांडं चमकवून दाखवलं तर आधी रंग पाहा. पिवळं राहिलं की तांबूस झालं? वास आला, धूर दिसला, ठसका लागला तर तिथेच थांबवा आणि 112 ला फोन करा. दागिना त्यांच्या पाण्यात गेलाच असेल तर ते पाणी कुठल्याही परिस्थितीत नेऊ देऊ नका. सोनं त्यातच असतं. मात्र त्यात हात घालू नका, मोरीतही ओतू नका.

आम्ही ठाण्यात तक्रार दिली, पाटल्या, पावती आणि सराफाच्या वजनाची चिठ्ठी जोडून. ते दोघे अजून सापडलेले नाहीत.

हे लिहू नको, असं सासूबाई पहिले चार दिवस म्हणत होत्या. लोक काय म्हणतील, घरात दोन बायका असून, असं त्यांना वाटत होतं. महालक्ष्म्या उठल्या, पुंगळीतली फुलं काढताना त्यांनी बुडावरून बोट फिरवलं. 1943 मधला तीनचा आकडा आता लागत नाही. मग मला म्हणाल्या, "लिही. आणि ते पाणी मागतात ते आधी लिही. पाणी मागितलं की एक जण आत जातंच."