युनिव्हर्सल स्टुडिओज सिंगापूर: तिकिटानंतरचा वरखर्च

तिकीट काढलं म्हणजे पैसे भरून झाले, हा समज पार्क असलेल्या सेंटोसा बेटावर पोचेपर्यंतच टिकतो. पार्कच्या गेटवरच्या त्या फिरत्या पृथ्वीगोलासमोर फोटो काढला की पुढच्या आठ-नऊ तासांत खिशाला पंचवीस ठिकाणी हात घालावा लागतो. राइड कशा आहेत यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे फक्त वरखर्चाचं बघू. हिशोबाला चौघांचं कुटुंब धरलंय: आई-बाबा, दहा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा. आकडेमोड सोपी जावी म्हणून १ सिंगापूर डॉलर म्हणजे ७० रुपये धरलेत; निघायच्या आठवड्यातला दर घालून पुन्हा गुणाकार करावा. गुण आधीच सांगायचे तर राइडना पाचपैकी साडेचार आणि वरखर्चाच्या बाबतीत तीन.

एका दिवसाच्या तिकिटात सगळ्या मुख्य राइड आणि शो येतात. चार वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, ४ ते १२ वयाला मुलांचं तिकीट. सिंगल रायडरची रांगही फुकट असते: बरोबरच्यांपासून वेगळं बसायची तयारी असेल तर मोठ्यांचा बराच वेळ वाचतो. तिकिटात येत नाहीत त्या गोष्टी अशा: एक्सप्रेस (छोट्या रांगेतून सोडणारा वेगळा पास), लॉकरचा जादा वेळ, लॉस्ट वर्ल्ड या भागातली कृत्रिम कड्याची चढाई, बक्षिसाचे खेळ, राइडवर निघालेले फोटो. यातली एक्सप्रेस सोडली तर बाकी सगळी चिल्लर आहे, पण एकामागोमाग एक लागली की चिल्लरही जड होते.

एक्सप्रेसबद्दल नीट बोलायला हवं, कारण सगळं बजेट तिथेच फुटतं. साध्या एक्सप्रेसमध्ये प्रत्येक ठरलेल्या राइडला एकदाच छोट्या रांगेतून सोडतात. अमर्यादवाली महाग असते. दर तारखेप्रमाणे हलतो आणि गर्दीच्या दिवशी तो तिकिटाच्या आसपास जाऊ शकतो. म्हणजे चौघांची एक्सप्रेस काढली तर दिवसभराचा सगळा वरखर्च एका फटक्यात दुप्पट. ती काढायच्या आधी मुलांची उंची मोजा, आणि तीही घरी, भिंतीला उभं करून, बूट काढून. बॅटलस्टार गॅलॅक्टिकाच्या दोन्ही रोलरकोस्टरना किमान १२५ सेंटिमीटर लागतात, ममीला १२२, जुरासिक पार्कच्या रॅपिड्सला १०७ (१२२पर्यंत मोठ्यांबरोबर), ट्रान्सफॉर्मर्सला १०२. सहा वर्षांचं मूल साधारण ११५च्या आसपास असतं, म्हणजे ज्या राइडच्या लांब रांगांसाठी एक्सप्रेस घ्यायची त्यातल्याच तीन त्याला बंद. त्याच्या नावावरची एक्सप्रेस म्हणजे वाया गेलेले पैसे. मोठी मुलगी आणि एक पालक अशा दोघांची घेतली तरी भागतं. दोन्ही पालकांना बसायचं असेल तर राइडच्या तोंडाशी आळीपाळीनं बसायची सोय विचारावी: एकजण बसून येईपर्यंत दुसरा लहानग्याला घेऊन थांबतो, मग पुन्हा पूर्ण रांग न लावता अदलाबदल होते. त्याचे पैसे पडत नाहीत.

एक्सप्रेसचा दुसरा धोका पावसाचा. सिंगापूरला दुपारी वीज कडाडायला लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात, कधी अर्धा तास, कधी दोन. एक्सप्रेस हातात असली तरी बंद राइडला ती चालत नाही. म्हणून आधीच ऑनलाइन न काढता सकाळी आत जाऊन रांगांचे आकडे बघावेत आणि मग ठरवावं. याला अपवाद गर्दीच्या तारखांचा, कारण तेव्हा एक्सप्रेस संपूही शकते. तिथल्या शाळांना जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरात मोठी सुट्टी, मार्च व सप्टेंबरात आठवडाभराची. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत गेलात तर शनिवार-रविवार टाळले तरी बरंच काम होतं. आणखी एक: सप्टेंबरच्या अखेरीपासून हॅलोविनच्या रात्रीच्या कार्यक्रमांचे दिवस असतात, त्या संध्याकाळी दिवसाचं पार्क लवकर बंद होतं. तिकीट तेवढ्याच पैशांचं आणि तास मात्र कमी, हे बुकिंगच्या वेळी कॅलेंडरवर बघून घ्यावं.

आता जेवण. आतल्या काउंटरवर एका माणसाचं पोटभर जेवण पेयासकट १५ ते २० डॉलरला पडतं. चौघांचे ७२ धरा. शाकाहारींसाठी प्राचीन इजिप्तच्या भागातलं ओअॅसिस स्पाइस कॅफे आणि न्यूयॉर्क भागातलं लुईज पिझ्झा या दोन जागा आधी बघाव्यात. पाटीवर शाकाहारी लिहिलेलं असलं तरी अंडं किंवा फिश सॉस आहे का, हे तोंडानं विचारावंच. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत; पाण्याची बाटली आणि तान्ह्या बाळाचं खाणं चालतं. प्रत्येकाची रिकामी बाटली न्या, आत पाणी भरून घेता येतं, नळाचं पाणी तिथे पिण्याजोगं आहे. चौघांनी दिवसात दोनदा विकतच्या बाटल्या घेतल्या तर तीस-पस्तीस डॉलर नुसत्या पाण्यात जातात.

मग दशम्या, चिवडा, लाडू कुठे खायचे? मेट्रोत तर नाहीच. तिथे खाण्यापिण्याला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे आणि ती पाटी शोभेची नाही. हॉटेलवर सकाळी दणकून खाऊन निघावं, किंवा सेंटोसाच्या अलीकडच्या व्हिवोसिटी मॉलच्या गच्चीवर बसून डबा संपवावा. त्याच मॉलमध्ये फेअरप्राइसचं मोठं दुकान आहे, केळी-सफरचंद-दही तिथे घ्या. संकष्टी किंवा एकादशी मध्ये आली तर तेच उपयोगी पडतं. दुपारी हातावर शिक्का मारून बाहेर पडलं तर त्याच दिवशी पुन्हा आत जाता येतं, पण नुसते चाळीस डॉलर वाचवायला भर उन्हात मुलांना मॉलपर्यंत चालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. आतच जेवावं. रात्रीचं जेवण मात्र बाहेर, लिटल इंडियात: सेरंगून रोडवरचं कोमला विलास किंवा टेक्का सेंटरमधले गाळे. एसी रेस्टॉरंटच्या मेन्यूवर दराशेजारी दोन अधिक चिन्हं असली तर त्याचा अर्थ १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ९ टक्के जीएसटी. १०० डॉलरच्या जेवणाचे ११९ डॉलर ९० सेंट होतात. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाद्यगाळ्यांच्या बाजारात, हे लफडं नाही.

खेळणी आणि टी-शर्ट ही खरी गळती. बऱ्याच राइड संपतात त्या दुकानातच, वाट तशीच काढलेली असते. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेली मिनियन लँड लहान मुलांच्या दृष्टीनं सगळ्यात घातक जागा. ‘हे नको, ते महाग आहे’ असं प्रत्येक दुकानात म्हणण्यापेक्षा प्रत्येक मुलाला सकाळी ४० डॉलर रोख देऊन टाकावेत, छोट्या पाकिटात, दहादहाच्या नोटा. उरले तर त्याचे. सहा वर्षांच्या मुलालाही दहाची चौथी नोट हातातून जाताना कळतं. आईनं कार्ड टेकवलेलं कळत नाही. अट एकच: खरेदी दुपारी चारनंतर. आधी घेतलेलं भलंमोठं सॉफ्ट टॉय मग प्रत्येक रोलरकोस्टरला लॉकरमध्ये घालावं लागतं. काही राइडजवळ लॉकर ठरावीक वेळ फुकट असतात, वेळ संपली की मीटर सुरू, आणि राइडची रांग त्या वेळेपेक्षा लांब असेल तर दंड पडलाच म्हणून समजा. रॅपिड्सला नखशिखान्त भिजायला होतं, हे लक्षात ठेवून घरूनच पातळ रेनकोट आणि एक जोड कपडे न्यावेत. तिथे रेनकोट विकत मिळतो, अंग वाळवायचं यंत्रही आहे, पण दोन्हीला पैसे पडतात, आणि यंत्रानं जीन्स काही वाळत नाही.

जाण्या-येण्याचा खर्च कमी आहे, पण त्यात एक गोम आहे. लिटल इंडिया किंवा फॅरर पार्कला उतरलेल्यांना नॉर्थ ईस्ट लाइनची मेट्रो थेट हार्बरफ्रंटला आणते, गाडी बदलावी लागत नाही. आपलं व्हिसा-मास्टरकार्ड फाटकावर टेकवून जाता येतं, मात्र एका कार्डावर एकच माणूस. बाबांच्या कार्डावर चौघं जाऊ शकत नाहीत. परदेशी कार्ड असेल तर वापरलेल्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट वेगळे लागतात, वर आपल्या बँकेचं मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावरचा जादा आकार. तीन-चार दिवस राहणार असाल तर स्टेशनवर इझी-लिंक ही आधी पैसे भरायची प्रवासाची कार्डं घ्यावीत. त्यातली कार्डाची किंमत परत मिळत नाही हे धरूनच. ९० सेंटिमीटरखालचं मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं. व्हिवोसिटीच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्स्प्रेस सुटते, माणशी ४ डॉलर, परतीला काही नाही. चालत सेंटोसा बोर्डवॉकनं गेलं तर दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि एक पैसा पडत नाही. सकाळी चालत जा, रात्री दमलेल्या पोरांना घेऊन गाडीनं या, म्हणजे हे १६ डॉलर वाचतातच.

एकूण बेरीज: मेट्रो १६, जेवण ७२, आइस्क्रीम-पॉपकॉर्न वगैरे २८, लॉकर आणि किरकोळ १५, मुलांचे ८०. झाले २११. सेंटोसाला गाडीनं गेलात तर २२७. अडीअडचणीला धरून २५० ठेवा, म्हणजे १७,५०० रुपये, एक्सप्रेस सोडून. टूर कंपनीच्या पत्रकातल्या ‘वैयक्तिक खर्च वेगळा’ या ओळीच्या मागे पार्कच्या एका दिवसाचा एवढा आकडा लपलेला असतो.

हे पैसे न्यायचे कसे, यात लोक सगळ्यात जास्त हरवतात, आणि ते पार्कच्या गेटच्या कितीतरी आधी. नेहमीच्या बहुतेक क्रेडिट-डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप असतं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ४.१३ टक्के. १,००० डॉलर खर्च केले की ७०,००० रुपयांवर २,८९१ रुपये नुसते यात. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात, ती दोन महिने आधी काढून ठेवावीत. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधीच भरलेलं कार्ड) घ्यायचं तर ते सिंगापूर डॉलरमध्येच भरून घ्या. अमेरिकन डॉलर भरलेलं कार्ड सिंगापुरात चालतं, पण प्रत्येक खरेदीला चलन बदलायचा वेगळा आकार कापला जातो. चलन देणारा एजंट ‘शून्य चार्ज’ म्हणाला तर त्याला एकच प्रश्न विचारावा: ‘१,००० सिंगापूर डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती रुपये द्यायचे?’ त्याचं कमिशन दरातच दडलेलं असतं. चलन बदलण्यावरचा जीएसटी किरकोळ आहे, ७०,००० रुपयांवर १२६ रुपये.

निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, दोन्ही चालू करावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ती नव्या कार्डावर बंदच येतात, आणि चांगी विमानतळावर मध्यरात्री उतरल्यावर हे लक्षात येणं फार वाईट. दुकानदारानं मशीन पुढे करून ‘रुपयात की सिंगापूर डॉलरमध्ये’ विचारलं तर डॉलरच दाबा. रुपयात दाबलं की दर त्या मशीनवाल्याचा. हॉटेलचं डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर कधीही देऊ नये. ते पैसे अडकतात आणि सुटायला आठवडे लागू शकतात, तोवर सहल संपलेली असते. त्यासाठी क्रेडिट कार्ड.

रोख किती? चार दिवसांच्या सहलीला चौघांना ३०० डॉलर, त्यात दोन, पाच, दहाच्या नोटा भरपूर. हॉकर गाळ्यांवर स्थानिक लोक क्यूआर आणि स्थानिक कार्डानं पैसे देतात, आपलं परदेशी कार्ड तिथे अनेकदा चालत नाही. रुपये नेऊन तिथे बदलायचेच असतील तर विमानतळाऐवजी लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटर या मोठ्या दुकानाच्या आसपासचे मनी चेंजर बरे. दोन-तीन काउंटरचे दर बघून मग पैसे काढावेत.

परतीच्या दिवशी जीएसटी परतावा. एका दुकानात त्याच दिवशी करासकट किमान १०० डॉलरची खरेदी झाली (एकाच दुकानाच्या त्याच दिवशीच्या तीन पावत्यांपर्यंत बेरीज चालते) आणि बिल करताना पासपोर्ट दाखवला, तर ९ टक्क्यांतला मोठा भाग परत मिळतो. हाताळणीचा आकार वजा होतो. जेवण, तिकीट, हॉटेल यात येत नाही, आणि प्रत्येक दुकान योजनेत असतंच असं नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारावं. वस्तू मोठ्या बॅगेत जाणार असतील तर चांगीला सामान देण्याआधी परताव्याच्या यंत्रावर जावं लागतं, कारण वस्तू दाखवायला सांगू शकतात. बॅग पट्ट्यावर गेली की तो परतावा गेला.

नोटा उरल्या तर घरी येऊन बदलून मिळतात. नाणी मात्र आपल्याकडचा मनी चेंजर घेत नाही. ती चांगीवरच पोरांच्या हातात द्यावीत आणि त्यांना काय येतं ते त्यांनाच शोधू द्यावं.