मटणाच्या रश्शासोबत गोडसर व्हाइट वाइन: शेनिन ब्लाँ की रिझलिंग?

बेळगावात पाहुण्यांना जेवायला बोलवायचं म्हणजे मटण, तांबडा-पांढरा रस्सा आणि शेवटी कुंदा. अशा जेवणासोबत किंचित गोड व्हाइट वाइन ठेवायचं मनात असेल, तर निवड बहुधा शेनिन ब्लाँ आणि रिझलिंग या दोघींत होते. माझं मत विचाराल तर आधी मिरची कुठली ते बघा, बाटलीचं नंतर.

अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. साखर आणि गारवा ती कमी करतात. जर्मनीतल्या मोसेल खोऱ्यातल्या गोडसर रिझलिंगमध्ये अल्कोहोल बरेचदा ८ ते १० टक्केच असतं. आपल्याकडची शेनिन साधारण १२ टक्क्यांच्या आसपास जाते. ब्याडगीचा रस्सा दिसायला लालभडक, पण तिखटाला बेताचा. तिथं शेनिन मजेत चालते. घरात संकेश्वरी कुटली असेल तर मात्र दुसऱ्या घासालाच शेनिन घशाला चटका देते. तिथं रिझलिंगच. आणि रेड वाइन म्हणाल तर तिच्यातलं टॅनिन तिखटासोबत आणखी तुरट लागतं, तिला या जेवणात आणूच नका.

रिझलिंग म्हटली की गोड, असं मात्र नाही. लेबलवर ‘ट्रॉकन’ लिहिलंय का बघा. असेल तर ती कोरडी, आपल्या कामाची नाही. नुसतं ‘काबिनेट’ (जर्मन वाइनचा एक दर्जा) आणि अल्कोहोल ९ च्या आसपास दिसलं, तर गोडवा हमखास असतो.

पांढऱ्या रश्शाचा हिशेब वेगळा. नारळाचं दूध, काजू, खसखस असा तो सगळा स्निग्ध मामला. शेनिन अंगानं जरा भरलेली, वर पिकल्या पेअरची आणि मधाची चव. ती इथं छान मिसळते. भरल्या वांग्यातल्या शेंगदाण्याच्या कुटाशीही तिचं जमतं. गोव्याकडून आलेल्या माशांची कोकम घातलेली आमटी असेल तर पुन्हा रिझलिंग, कारण पदार्थापेक्षा वाइन कमी आंबट असली की ती पाणचट लागते.

कुंद्यासोबत दोघीही नापास. पदार्थ वाइनपेक्षा गोड झाला की वाइन नुसती आंबट लागते, आणि कुंद्याहून गोड काय असणार! फारच हौस असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, हलकी फसफसणारी इटलीची मोस्कातो दास्ती घ्या. मी तरी तिथं कॉफीच देईन.

अथणीकडचे पाहुणे हमखास विचारतात, ‘आमच्याकडं द्राक्षं एवढी, मग वाइन बाहेरची कशाला?’ त्यांच्या मळ्यातली थॉम्पसन खायला आणि बेदाण्याला उत्तम, पण शेनिन आणि रिझलिंग हे द्राक्षाचे वाणच वेगळे.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून चोर्ला घाटातून बाटल्या आणायचा मोह टाळा. परवान्याशिवाय तिथली दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे.

बाटली जेवणाआधी दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, ८ ते १० अंशांवर येऊ द्या. कोमट झाली की दोघीही सरबतासारख्या लागतात. उरली तर बूच घट्ट लावून परत फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस टिकते.