तोफखान्याच्या वंशावळीची पितळी पाटी : देवळाली कॅम्पमधल्या कारागिराचं काम

२८ सप्टेंबर २०२७ रोजी भारतीय तोफखान्याला दोनशे वर्षं होतील. त्या गनर्स डेसाठी आमच्या पुरंदर तालुक्यातल्या माजी तोपचींनी घरोघरी लावायला एक पाटी करून घ्यायचं ठरवलं. नमुना देवळाली कॅम्पला, लॅम रोडवरच्या एका छोट्या दुकानातून करवून घेतला. मेडल माउंटिंग, नेमप्लेट, मोमेंटो, बॅजेस असं सगळं लष्करी सामान तिथे मिळतं. नमुना हाती आलाय. इतर युनिटवाल्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो.

पाटी सागवानाची आहे, अठरा इंच बाय बारा. वर पितळेचा पत्रा, त्यावर कोरलेली अक्षरं आणि अक्षरांत काळा रंग भरलेला. लाकूड अस्सल आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी एमडीएफवर सागाचा कागद चिकटवून देतात, तसलं इथे नाही. मागून बघितलं की रेषा दिसतात. पत्र्यावर लॅकर मारलेला आहे, त्यामुळे रोज ब्रासो घेऊन बसायची गरज नाही. किंमत एका पाटीला साडेचार हजार पडली. सुरुवातीला जास्त वाटली, काम पाहिल्यावर नाही वाटली.

पण मी लिहायला बसलो ते लाकडा-पितळेसाठी नाही. तोफखान्याचा इतिहास पाटीवर बसवणं अवघड आहे, आणि या दुकानाने ते मनापासून केलं.

मोमेंटोच्या दुकानांत तयार मजकूर असतो: वर १८२७, खाली आजचं साल, मधे एक सरळ रेघ. आपली वंशावळ तशी सरळ नाही. २८ सप्टेंबर १८२७ ला उभी राहिली ती बॉम्बे फूट आर्टिलरीच्या गोलंदाज बटालियनमधली आठवी कंपनी. तीच पुढे ५ (बॉम्बे) माउंटन बॅटरी, म्हणजे डोंगरी तोफांची तुकडी, झाली. मधल्या काळात नंबर किती बदलले बघा. पाच होता, १९०३ च्या फेररचनेत पंचवीस झाला, पहिल्या महायुद्धानंतर एकशे पाच, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पुन्हा पाच. आज ही बॅटरी ५७ फील्ड रेजिमेंटमध्ये आहे. नुसते नंबर लिहिले तर वाचणाऱ्याला चार वेगळ्या बॅटऱ्या वाटतील. दुकानातल्या कोरीवकाम करणाऱ्या काकांनी स्वतःहून सुचवलं की नाव एकदाच मोठ्या अक्षरात घेऊ आणि बदलते नंबर त्याखाली बारीक ओळीत, सालासकट. ओळ नीट वाचता येते आणि बॅटरी एकच आहे हे लगेच कळतं.

आमच्यातल्या एका सुभेदार साहेबांचा आग्रह होता की सगळ्यात वर मल्हारगड घ्यावा. भावना मला समजते. आम्ही त्याच भागातले. सोनोरीला पानशांचा वाडा आहे, पेशव्यांचा तोफखाना पानशांकडे होता आणि मल्हारगड त्यांनीच बांधला. आमच्या पोरांना हे माहीत असलंच पाहिजे. पण पेशवाई १८१८ ला संपली आणि १८२७ ची कंपनी ही ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात उभी राहिली. पानशांच्या तोफखान्यातून ती निघाली नाही. मल्हारगडाचा अभिमान वेगळा, युनिटची वंशावळ वेगळी. दुकानदार शेठना हे सांगितल्यावर त्यांनी गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी मधला मार्ग काढला नाही. मल्हारगडाची वेगळी पाटी करून देतो म्हणाले. आम्ही तीही सांगितली आहे.

दुसरी अडचण तुटलेल्या ठिकाणांची. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी माणसांच्या हातून तोफा काढून घेतल्या. डोंगरी बॅटऱ्या आणि काही तुरळक तुकड्या तेवढ्या उरल्या. खेचरांच्या पाठीवर तोफेचे सुटे भाग लादायचे आणि डोंगर चढायचा, हे काम आपल्या लोकांकडे राहिलं. त्या काळच्या अडीच इंची तोफेची नळीच दोन तुकड्यांत असायची, जागेवर पोचल्यावर आट्यांनी जोडायची. मैदानी तोफा परत मिळायला १५ जानेवारी १९३५ उजाडलं, तेव्हा बंगळूरला ‘ए’ फील्ड ब्रिगेड उभी राहिली. म्हणजे जवळपास पाऊण शतकाची फट. आणि १९४७ ला तर घराच्या वाटण्या झाल्या. २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कोहाट आणि जेकब्स या दोन्ही डोंगरी बॅटऱ्या आज पाकिस्तानच्या तोफखान्यात आहेत. त्यांची नावं आपल्या पाटीवर घ्यायची की नाही यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. मी घ्यायच्या बाजूचा होतो. त्या खेचरांमागे चाललेले तोपची आपलेही पूर्वज आहेत. शेवटी घेतली. काकांनी तिथे रेघ तुटक कोरून बाजूला वळवली आहे. फट आहे तिथे फट ठेवली, ती भरून काढायचा प्रयत्न केला नाही. पाटीचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडला.

प्रूफ व्हॉट्सॲपवर येतं. पहिल्या प्रूफमध्ये जोडाक्षरं फुटली होती, ‘युद्ध’ची हालत वाईट होती. मशीनच्या फॉन्टचा दोष. सांगितल्यावर तेवढे शब्द काकांनी हाताने कोरले. उमराव सिंग यांच्या ओळीसाठी शेठचा खास फोन आला. हुद्दा कोणता टाकू, त्या वेळचा की शेवटचा? माणूस ऑनररी कॅप्टन होऊन निवृत्त झाला, पण १५-१६ डिसेंबर १९४४ च्या रात्री ब्रह्मदेशातल्या आराकानमधल्या कलादान खोऱ्यात तो हवालदार होता. ३० माउंटन रेजिमेंटच्या आपल्या तोफेवर जपानी तुटून पडले तेव्हा लोखंडी दांडा घेऊन भिडला. सापडला तेव्हा अंगावर सात गंभीर जखमा आणि भोवती दहा जपानी सैनिकांची प्रेतं होती. तोफ वाचली, पुन्हा चालली. त्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. आम्ही ‘हवालदार’ लिहायला सांगितलं. मीही हवालदार म्हणूनच पेन्शनवर आलो, त्यामुळे ती ओळ वाचताना ऊर भरून येतो.

आता उणिवा. पाटीच्या वर बसवायला २५-पौंडर तोफेचं पितळी मॉडेल मिळतं, त्याचे वेगळे बाराशे. ढाल, चाकं, नळी ठीक आहेत, पण तोफेखालची गोल चकती गायब. त्या चकतीवर तोफ ठेवली की एक माणूस तिला पूर्ण गोल फिरवू शकायचा, तिच्याशिवाय ही २५-पौंडर वाटतच नाही. इतरांना क्षुल्लक वाटेल. पण पायदळाचं निशाण असतं तसं आपल्याकडे नसतं, तोफ हेच आपलं निशाण. नाशिक रोडला कसम घेतली ती तोफेच्या साक्षीने. ते मॉडेल अचूकच हवं. शेठनी साचा बदलायचं कबूल केलं आहे, तोवर मॉडेल घेऊ नका. डोंगरी तोफेचं मॉडेल ते करत नाहीत.

ऑनर टायटलची, म्हणजे लढाईतल्या पराक्रमासाठी मिळालेल्या नावांची, जागा कमी पडली. कारगिलनंतर ज्या रेजिमेंटांना ‘कारगिल’ हे नाव कंसात लावायचा मान मिळाला, त्यांची ओळ इतकी बारीक आली आहे की चष्म्याशिवाय वाचता येत नाही. १९९४ ला वेगळं झालेलं आर्मी एअर डिफेन्स आणि १९८६ ला वेगळं झालेलं आर्मी एव्हिएशन, या आपल्याच घरातून निघालेल्या शाखा तर कोपऱ्यात चेपल्या गेल्या. मोठ्या ऑर्डरला आम्ही चोवीस बाय अठराचा आकार घेतोय.

कुरियरचं पॅकिंग कच्चं आहे. आमच्या पाटीचा एक कोपरा दबला होता. जमलं तर स्वतः जाऊन आणा, देवळालीला जायला निमित्तही होतं. मंगळवारी दुकान बंद असतं. मजकूर मराठीत हवा असेल तर मोबाइलवर टाइप करून पाठवू नका, कागदावर ठळक अक्षरात लिहून द्या, काका त्यावरूनच कोरतात. आणि गनर्स डेच्या आधीचे दोन महिने त्यांच्याकडे ऑर्डरींचा ढीग असतो. ज्यांना २०२७ साठी करून घ्यायचं आहे त्यांनी उन्हाळ्यातच आगाऊ रक्कम देऊन ठेवा.