सोडे महाग, जवळा स्वस्त: घरपोच आलेल्या सुक्या मासळीविषयी

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सुकी मासळी आम्ही दरवर्षी बाजारातल्या कोळणीकडून घेत असू. यंदा मात्र घरपोच पाठवणाऱ्या एका विक्रेत्याकडून सोडे, सुका जवळा, सुके बोंबील आणि खारा बांगडा अशी चार पाकिटे मागवली. चारही जिन्नस महिनाभर वापरून झाल्यावर चवीइतकेच पोषणाच्या दृष्टीनेही त्यांविषयी लिहावेसे वाटले, कारण या खरेदीत किंमत आणि खनिजे यांचे गणित चक्क उलटे निघाले.

सर्वांत महाग होते ते अर्थातच सोडे. त्यांचा रंग चांगला होता, वासही गोडसर होता आणि वांग्या-बटाट्यात ते उत्तम लागले. परंतु सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, आणि कोळंबीतल्या कॅल्शियमचा मोठा वाटा सोलून टाकलेल्या त्या टरफलातच असतो. जवळा कोळंबीसारखाच, पण एवढासा असतो, की तो सोलण्याचा प्रश्नच येत नाही. डोके, टरफल, शेपटी यांसकट तो पोटात जातो. त्यामुळे किमतीने तळाशी असलेले हे पाकीट कॅल्शियमच्या हिशेबात सोड्यांच्या पुढे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. ज्या घरात दूध कोणाला आवडत नाही, तिथे जवळ्याची चटणी किंवा काट्यासकट खाल्लेली मांदेली ही भर घालू शकतात.

पाकिटावर मात्र यातले काहीच नाही. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, स्निग्ध पदार्थ आणि सोडियम हे सारे नियमाप्रमाणे छापलेले आहे. कवचधारी जलचरांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी सूचनाही आहे, हे चांगले. पण ज्यांसाठी मासळी विशेष मोलाची, त्या आयोडीन, सेलेनियम आणि जस्ताचा उल्लेखही नाही. उलट प्रथिनांचा आकडा ठळक छापला आहे, आणि तो वाचताना थोडे सावध राहावे. सुक्या जवळ्यात 100 ग्रॅममागे 60 ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात हे खरे, पण 100 ग्रॅम जवळा एका बैठकीत कोण खातो? चौघांच्या कालवणाला 50 ग्रॅम पुरतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ ग्रॅम प्रथिने, एका अंड्याहून जराशी अधिक.

बोंबील उत्तम निघाले. ताज्या बोंबलात पाणीच फार आणि चरबी कमी, त्यामुळे तो मिठाशिवायही वलांडीवर (बांबूंच्या मांडणीवर) उन्हात कडक वाळतो. बांगड्याचे तसे नाही. तो तेलकट, म्हणून नुसत्या उन्हात लवकर खवट होतो आणि त्याला मीठ भरावेच लागते. ते मीठ या पाकिटात इतके होते, की दोन पाण्यांत भिजवूनही आमटी खारट झाली. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माझ्या सासऱ्यांना मी तो वाढलाच नाही. बांगड्यातले ओमेगा-3 आणि ड जीवनसत्त्व हवे असेल, तर तो ताजाच घ्यावा, असे माझे मत झाले आहे.

आता तक्रार. जवळ्यात रेती होती. पाखडून, मंद आचेवर भाजून, चाळून आणि पुन्हा धुऊनही पहिल्या दिवशी दाताखाली कचकच आलीच. ‘स्वच्छ केलेला’ असे पाकिटावर लिहिलेले असताना हे क्षम्य नाही. विक्रेत्याला कळवल्यावर त्याने पैसे परत दिले, पण माल तसाच विकणे चालू आहे. आमच्या कोळणीच्या जवळ्यातही कधी रेती निघते. फरक इतकाच, की ती विकतानाच सांगते, ‘ताई, नीट पाखडून घे.’

पुढच्या वेळी त्याच्याकडून बोंबील नक्की मागवीन आणि सोडे सणासुदीला. जवळा पुन्हा कोळणीकडूनच घेईन, आणि बांगड्यासाठी जून-जुलैची मासेमारीबंदी संपण्याची वाट पाहीन.