सारंगखेड्याचा घोडेबाजार: कान बघून भुलू नका, चाल बघा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. घोड्यांना पाचच्या पाच, एक कापलाय तो माणसांमुळे, कारण पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सारंगखेडा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात तापीच्या काठावरचं गाव. तिथे एकमुखी दत्ताचं देऊळ आहे, दत्तजयंतीला यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. लोक सांगतात तीनशेच्या वर वर्षांची परंपरा आहे. मधल्या काळात पर्यटनवाल्यांनी चेतक फेस्टिव्हल असं नाव देऊन तंबू, स्टेज, स्पर्धा वगैरे जोडलं, पण खरा माल म्हणजे बाजारच. रेल्वेने यायचं तर सुरत-भुसावळ लाईनवर दोंडाईचा स्टेशन, तिथून पुढे रस्त्याने, फार लांब नाही. डिसेंबरची थंडी असते, पहाटे नदीवरून गार वारा येतो, स्वेटर घेऊन जा, खानदेश म्हणजे ऊन एवढंच डोक्यात ठेवून आलेले लोक रात्री कुडकुडताना बघितलेत.

आता मुद्द्याचं. घोड्यांच्या जाती मोबाईलवर बघून काही कळत नाही हो, व्हिडिओत सगळेच घोडे उंच आणि सगळेच चमकतात. इथे राजस्थान, गुजरात, पंजाब, यूपी असे सगळीकडचे व्यापारी आपापली लाईन लावून बसलेले असतात, आगाडी-पिछाडी बांधलेले घोडे, तोंडाला तोबरे म्हणजे दाण्याच्या पिशव्या, बाजूला मोतद्दार, म्हणजे घोडा सांभाळणारा, खरारा करतोय, म्हणजे अंग घासतोय, आणि तुम्ही नुसतं चालत चालत एका जातीतून दुसऱ्या जातीत जाता. फुकटात. एवढं शिक्षण कुठल्या रायडिंग क्लबात मिळत नाही, कारण पुण्या-मुंबईच्या क्लबात बहुतेक रेसमधून रिटायर झालेले थरोब्रेड असतात आणि आपल्याला वाटतं घोडा म्हणजे असाच, लांब पायाचा, पातळ कातडीचा, प्लास्टिकची पिशवी उडाली तरी बिचकणारा.

सगळ्यात जास्त गर्दी मारवाडीपुढे. आणि का नसावी, देखणेपणात त्याला तोड नाहीच. कान आतल्या बाजूला वळलेले, टोकं एकमेकांना टेकतात, आणि ते कान अर्ध्या वर्तुळात मागे-पुढे फिरवतो, तुम्ही मागून बोललात की एक कान तुमच्याकडे आणि एक मालकाकडे. मान उभी, चेहरा लांब, चालताना पाय उचलून टाकतो. मारवाडच्या राठोडांनी लढाईसाठी जपलेली जात, त्यामुळे अंगात रग आहे, पण चांगल्या घरातला घोडा माणसाजवळ एकदम शांत उभा राहतो. इथे उंची इंग्रजांच्या 'हँड' या मापात नाही, इंचात सांगतात, बासष्ट इंची, चौसष्ट इंची असं, आणि प्रत्येक इंचाला भाव वाढतो. साधी घोडी साठ-सत्तर हजारांत ऐकली, जरा नाव असलेल्या वळूचा, म्हणजे पैदाशीच्या नर घोड्याचा, भाव लाखांत जातो आणि मग पुढे तो आकडा खरा किती आणि टीव्हीवाल्यांसाठी किती ते दत्तमहाराजांनाच माहीत. रंगांची नावं ऐकायला मजा येते, कुमैत (तांबूस तपकिरी), मुश्की (काळा), अबलख (दोनरंगी), पंचकल्याण (चारही पाय आणि कपाळ पांढरं). गिऱ्हाईक आधी भोवरे, म्हणजे अंगावरच्या केसांची वर्तुळं बघतं, गळ्यावर देवमण हा शुभ भोवरा आहे का, कुठे अशुभ भोवरा आहे का, आणि चांगला निरोगी घोडा एका भोवऱ्यापायी स्वस्तात जातो. भोवऱ्यावर विश्वास नसेल तर तुमचा फायदाच आहे.

माझी तक्रार मारवाडीबद्दल नाही, मारवाडी घेणाऱ्यांबद्दल आहे. कान जुळतात का, उंची किती, रंग कुठला, झालं. फोटोला उभा करायचा. पाठीवर बसणार कोण, किती चालणार, कुठे चालणार हे कोणी विचारत नाही.

काठियावाडी त्याच्या मानाने बुटका वाटतो पण मला जास्त पटतो. सौराष्ट्रातला, कपाळ रुंद, तोंड कोरडं आणि निमुळतं, नाकपुड्या मोठ्या, आणि कान मारवाडीपेक्षाही जास्त वळलेले. मातकट पिवळसर रंगाच्या काठियावाडीच्या पाठीवरून काळी रेघ जाते आणि कधी कधी पायांवर पट्टे पण असतात, ते जवळून बघाच. अस्सल काठियावाडीत पूर्ण काळा रंग नसतो असं जाणकार सांगतात, म्हणून कोणी काळा कुळकुळीत घोडा काठियावाडी म्हणून गळ्यात मारायला लागला तर दोन प्रश्न जास्त विचारा. दुपारच्या उन्हात बाकीचे घोडे माना टाकून उभे होते तेव्हा काठियावाड्यांच्या लाईनीत मात्र धुसफूस चालू, शेजाऱ्याला चावणं, दोरी ओढणं. खाणं कमी लागतं, काटक आहे, गुजरात पोलिसांनी पण वापरलाय. राणाप्रतापांचा चेतक आमचाच असं मारवाडीवाले म्हणतात आणि काठियावाडीवाले पण तेच म्हणतात, फेस्टिव्हलचं नाव चेतक असल्यामुळे हा वाद इथे चहाच्या टपरीवर हमखास पेटतो, तुम्ही मध्ये पडू नका, चहा प्या.

नुकऱ्यांपुढे सेल्फीवाले. पांढरा शुभ्र, कातडी गुलाबी, कधी डोळे घारे-निळे, लग्नाच्या वरातीसाठी आणि हौसेसाठी तुफान मागणी. पण सरकारी यादीत नुकरा म्हणून नोंदलेली जात नाही, रंगावरूनच ओळख. गुलाबी कातडीला ऊन लागतं, नाकाचा शेंडा भाजतो, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उघड्यावर बांधणार असाल तर विचार करा. दिसायला छान, बाकी मला फार काही बोलायचं नाही.

आणि आता माझा एक नंबर. सिंधी, म्हणजे नोंदीत कच्छी-सिंधी. कच्छ, बन्नी आणि पलीकडे बाडमेर-जैसलमेर या वाळवंटी पट्ट्यातली जात. गर्दी याच्यासमोरून सरळ पुढे जाते कारण दिसायला हा हिरो नाहीच, नाकाचं हाड बाहेर आलेलं, पोपटनाक म्हणा ना, कान वळलेले पण टोकं टेकत नाहीत, पाठ आखूड, खूर रुंद. मारवाडी बघून आलेला माणूस म्हणतो हे काय, कान पण धड जुळत नाहीत. पण हे सगळं वाळूसाठी आहे, रुंद खूर वाळूत रुतत नाही, आखूड पाठ ओझ्याखाली वाकत नाही.

एका म्हाताऱ्या कच्छी बाबांना विचारलं, बाबा, चाल दाखवाल का? ते घोडी विकायला बसलेले, आम्ही काही घेणार नाही हे त्यांना चेहऱ्यावरूनच कळलं असणार, तरी उठले. खोगीर नाही, नुसती गोधडी टाकली, टांग मारून बसले आणि लाईनीच्या बाहेर डांबरी रस्त्यावर घोडी काढली. ही रेवाल चाल. दुडकीत घोडा तिरके दोन पाय, एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा, एकदम टाकतो, मध्ये क्षणभर हवेत असतो, म्हणून स्वार आपटतो. रेवालमध्ये चारही पाय वेगवेगळे पडतात, एका बाजूचा मागचा, मग त्याच बाजूचा पुढचा, मग दुसरी बाजू, आणि एकातरी पायाला जमिनीचा आधार असतोच, त्यामुळे झटका येतच नाही. डोळे मिटून ऐकलं तरी कळतं, टक-टक-टक-टक असं सलग, मध्ये खंड नाही. बाबांच्या कमरेकडे बघत होतो, कंबर हलत नव्हती, खांदे सरळ, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातातली विडी पेटलेली ती तशीच. स्पीड मात्र सायकलवाल्याला मागे टाकणारा. परत आले, उतरले, घोडीच्या गळ्याला थोपटलं आणि म्हणाले, "कान नही, कमर देखो साहब, बैठनेवाले की." त्या घोडीला दिवसभरात गिऱ्हाईक किती आले असतील देव जाणे, शेजारी सहासष्ट इंची वळूपुढे मात्र उभं राहायला जागा नव्हती.

रेवाल मारवाडीत आणि काठियावाडीत पण असते बरं का, सिंधीचीच मक्तेदारी नाही, पण मारवाड्यात आता उंची आणि कानाच्या मागे लागून चालीकडे ब्रीडर लोकांचं लक्ष कमी झालंय असं मला वाटतं, हे माझं मत, पटत नसेल तर सोडून द्या. तुम्हाला खरंच रोज बसायचं असेल, गुडघे-कंबर सांभाळायची असेल तर कान विसरा आणि विकणाऱ्याला म्हणा, चालवून दाखव. जो टाळाटाळ करेल त्याच्याकडून पुढे व्हा.

एक चुटपुट. महाराष्ट्रातला एवढा मोठा घोडेबाजार, आणि भीमथडी मला तरी कुठे दिसली नाही. भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं आपलं तट्टू, मराठ्यांच्या घोडदळाचा कणा, अजूनही धनगरांच्या वाड्याबरोबर, म्हणजे मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याबरोबर, संसार पाठीवर घेऊन घाट उतरून कोकणात जातं. अलीकडे त्याची जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोकडे स्वतंत्र जात म्हणून नोंद पण झाली. उंची बेताची, दिसायला साधं, अर्धपोटी राहून डोंगर चढणारं. अशा बाजारात एक लाईन भीमथडीची लावली आणि बाजूला धनगर बांधवांना बसवलं तर लोक बघतील की. पण उंचीवर भाव ठरणाऱ्या बाजारात बुटक्याला कोण आणणार.

आता तो कापलेला स्टार. घोडे नाचवणं. हलगी, डीजे, घुंगरू आणि मध्ये घोडा तोंडाला फेस आणून जागच्या जागी पाय उचलतोय, भोवती मोबाईल. लगाम इतका खेचलेला की मान छातीला लागली. घोड्यांच्या जवळ जाऊन तोंड बघा म्हणजे नाच कशाने येतो ते कळेल. काटेरी लगामाला आपल्याकडे जनावरांच्या छळाविरुद्धच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी असली साधनं काही दुकानांत उघड लटकलेली होती. सगळे असं करत नाहीत, पागा सांभाळणारे चांगले लोक पण खूप भेटले, पण गर्दी नाचापुढेच थांबते तोवर हे चालणार. शिवाय एका रिंगवाल्याने लहान मुलांच्या फेरीला सांगितले एक आणि घेतले दुसरे, आणि फेरी म्हणजे घोड्याला धड चालायला पण जागा नाही. पोरांना फेरीवर बसवायचं तर पैसे आधी ठरवा आणि रिकिबीत, म्हणजे खोगिराच्या पायकड्यात, पाय पोचतोय का ते बघा.

घेणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी लवकर जा, दत्तजयंतीच्या आधीच घोडे यायला लागतात, गर्दी व्हायच्या आत निवांत बघता येतात. तोंड उघडून दात बघा, अडीच वर्षांच्या सुमाराला मधले दुधाचे दात पडून पक्के येतात, साडेतीनला त्यांच्या शेजारचे, साडेचारला कडेचे, पाचव्या वर्षी तोंड भरतं, तेव्हा कोणी कडेला दुधाचे दात असलेलं शिंगरू सहा वर्षांचं म्हणून सांगत असेल तर हसा आणि निघा. लंगड बघायची तर मातीत नाही, कडक रस्त्यावर दुडकी मारायला लावा, पुढचा पाय दुखत असेल तर त्या पायावर वजन येताना घोडा मान वर उचलतो. ग्लँडर्सचा रिपोर्ट मागाच, तो रोग माणसालाही होतो, त्यात भिडेखातर गप्प बसू नका. मारवाडी म्हणून जास्तीचे पैसे मोजत असाल तर नोंदणीचा पासपोर्ट आणि मायक्रोचिप दाखवायला सांगा, नुसतं "बाप फलाना था" यावर जाऊ नका. आणि भाव पहिल्या फटक्यात मान्य करू नका, निम्म्यापासून सुरू करायची पद्धतच आहे, कोणी रागवत नाही.

खोगीर, लगाम, नाल, घुंगरू, गोंडे यांची दुकानं वेगळी आहेत, चामड्याचा माल शहरापेक्षा बराच स्वस्त, शिलाई मात्र ओढून बघून घ्या. रिकिबीचा पट्टा जिथे बकलला दुमडतो तिथेच तुटतो.

जेवणाची काळजी नको. शेवभाजी, कळण्याची भाकरी, भरीत, आणि खापरावरचे मांडे मिळाले तर सोडू नका. रस्सा तिखट आहे, नंदुरबार मिरचीचं गाव आहे हे लक्षात ठेवून ऑर्डर द्या. तंबूत राहायचं तर आधी बुक करा, नाहीतर दोंडाईचा किंवा शहाद्याला लॉज बघा, संध्याकाळी उशिरा खोली शोधत फिरायची वेळ आणू नका. गाडी लांब लावून चालत या, आणि पांढरे बूट घालू नका.

घोडा घेतलात तर टेम्पोवाल्याशी सौद्याच्या आधी बोलून ठेवा, सौदा झाल्यावर तो तुमच्या तोंडाकडे बघून भाडं सांगतो.