ओवी इकडे, अर्थ तिकडे: ई-शाईच्या रीडरवर मराठी पुस्तकं वाचताना आलेला अनुभव

सहा इंची ई-शाईचा रीडर घेऊन बरेच महिने झाले. स्क्रीन, बॅटरी, वजन यांवर लिहीत बसत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. ईपब या ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातलं एकच पुस्तक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये निराळं मांडलं जातं, इतकं निराळं की पैसे देऊन घेतलेलं पुस्तक वाचणं अशक्य होऊन बसतं. यंत्राच्या कंपनीचं नाव घेत नाही, प्रकाशकाचंही नाही. दोघांपैकी कुणीही बदललं तरी अडचण हीच राहील.

ठिणगी पडली ती एका ओवी-अर्थाच्या पुस्तकामुळे. लॅपटॉपवर कॅलिबर या ई-पुस्तकांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं तर डावीकडे ओव्या, उजवीकडे अर्थ, मधे बारीक रेघ. छापील पोथीसारखं देखणं पान. तीच फाइल रीडरवर टाकली तर आधी सहा ओव्या एका खाली एक, मग त्या सहांचे अर्थ ओळीने. अक्षर थोडं मोठं केलं की ओवी एका पानावर आणि तिचा अर्थ दोन पानं पुढे. चौथ्या ओवीचा अर्थ कुठला हे बोट ठेवून मोजायचं, आणि ई-शाईच्या संथ पडद्यावर मागे-पुढे पानं उलटत राहायचं. ओवीची लय तिथेच तुटते. ज्यासाठी पुस्तक घेतलं तेच हातातून निसटतं.

प्रकाशकाला लिहिलं. उत्तरात त्यांच्या संगणकावरचं सुंदर पानाचं चित्र आलं, सोबत 'आमच्याकडे व्यवस्थित दिसतंय, ईपबचेकमध्येही एकही चूक नाही'. यंत्रवाल्या कंपनीला लिहिलं, तर त्यांनी पुस्तकाच्या फाइलकडे बोट दाखवलं आणि यंत्र रीसेट करायला सांगितलं. रीसेट केलं, सगळ्या खुणा आणि नोंदी गेल्या, ओव्या होत्या तिथेच. या फेरीने मला सगळ्यात जास्त चीड आणली, कारण दोन्ही उत्तरं आपापल्या जागी खरी होती. ईपबचेक फाइलची रचना नियमात बसते का ते बघतं; ती कुठल्या पडद्यावर कशी दिसेल हे तपासणं त्याचं कामच नाही.

मग फाइल कॅलिबरच्या एडिटरमध्ये उघडून पाहिली. ईपब म्हणजे शेवटी एचटीएमएल (मजकूर आणि त्याचा क्रम) आणि सीएसएस (तो कसा दिसावा याच्या आज्ञा) यांची झिप. सहा ओव्यांचा एक डबा, सहा अर्थांचा दुसरा, आणि दोघांना शेजारी बसवणारी एकच आज्ञा: डिस्प्ले फ्लेक्स. ज्याला फ्लेक्स कळतं तो शेजारी मांडतो, ज्याला कळत नाही तो ती ओळ सोडून देतो आणि डबे एकाखाली एक लावतो. कॅलिबरचा व्ह्यूअर २०१९ मधल्या चौथ्या आवृत्तीपासून क्रोम ब्राउझरच्या क्रोमियम इंजिनावर चालतो, थोरियम हे वाचनाचं ॲपही क्रोमियमवरच, ॲपल बुक्स सफारीच्या वेबकिटवर. म्हणजे हे तिन्ही जवळजवळ ब्राउझरच. ई-शाईच्या यंत्रांचं तसं नाही. तिथे अनेक ठिकाणी ॲडोबीचं जुनं आरएमएसडीके इंजिन अजून आहे, आणि त्याला स्टाइलशीटमधली (सीएसएसच्या फाइलमधली) एखादी ओळ झेपली नाही तर कधी कधी ते अख्खी स्टाइलशीटच टाकून देतं. कोबोच्या यंत्रांवर तर साधी ईपब ॲडोबीच्या इंजिनात उघडते आणि केपब (कोबोची स्वतःची ईपबची जात) असं नाव दिलेली फाइल दुसऱ्याच इंजिनात. एकाच यंत्रावर, एकाच पुस्तकाची दोन रूपं. किंडल २०२२ पासून ईमेलने ईपब घेतं खरं, पण आधी ते स्वतःच्या स्वरूपात बदलून, त्यामुळे मांडणीचा निकाल त्या रूपांतरातच लागतो.

ईपब ३ आलं २०११ मध्ये. सीएसएस ग्रिड, म्हणजे रकाने मांडायची आणखी एक सोय, मोठ्या ब्राउझरांत आलं २०१७ मध्ये. मे २०२३ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ईपब ३.३ प्रमाणित केलं, तरी अमुक सीएसएस चालवलंच पाहिजे अशी पक्की यादी वाचन-सॉफ्टवेअरवर बांधलेली नाही. पाठिंबा द्यावा एवढंच. यातला सगळा भार येऊन पडतो तो वाचकावर, आणि मराठी पुस्तकांचा खप बघता आमच्यासाठी कुणी वेगळी आवृत्ती करून देणार नाही.

इथपर्यंत माझा सगळा राग यंत्रावर होता. अकरा हजार रुपये घेता आणि फ्लेक्ससुद्धा चालवत नाही? पण नंतर फोनवर, फ्लेक्स चालणाऱ्या ॲपमध्ये, तेच पुस्तक आईच्या चष्म्याला झेपेल एवढं अक्षर ठेवून उघडलं. शेजारी-शेजारी दोन रकाने आले, आणि प्रत्येक ओळीत जेमतेम दीड शब्द. 'अंतःकरणाच्या' हा एकच शब्द रकान्याबाहेर डोकावत होता. तेव्हा माझं मत फिरलं. यंत्राला फ्लेक्स यायला हवं होतं हे खरंच, पण मूळ दोष फाइलमधल्या क्रमाचा आहे. ओवी, लगेच तिचा अर्थ, मग पुढची ओवी, असा क्रम एचटीएमएलमध्ये असता तर सगळी सीएसएस काढून टाकली तरी पुस्तक वाचता आलं असतं. रकाने ही मोठ्या पडद्यासाठीची सजावट. ती गेली तर जाऊ दे, अर्थ ओवीपासून तुटता कामा नये.

पुस्तकाला डीआरएमचं, म्हणजे नक्कल-बंदीचं, कुलूप नव्हतं, म्हणून माझ्यापुरता क्रम मीच बदलला. कॅलिबरच्या एडिटरमध्ये, प्रकरणामागून प्रकरण. कंटाळवाणं काम आहे, पण अवघड नाही. प्रत्येक ओवी-अर्थाच्या जोडीला वेगळा डबा दिला आणि तो पानाच्या कडेला फुटू नये म्हणून जुनी पेज-ब्रेक-इनसाइड आणि नवी ब्रेक-इनसाइड अशा दोन्ही आज्ञा लिहिल्या, कारण कुठल्या इंजिनाला कुठली कळेल याचा भरवसा नाही.

त्यानंतर रीडरवर केओरीडर हे वाचनाचं वेगळं सॉफ्टवेअर टाकलं, आणि तिथे खरा आनंद झाला. फुकट, मुक्त स्रोत. त्याच्या इंजिनालाही फ्लेक्स-ग्रिड येत नाही, तेव्हा ती अपेक्षा धरू नका. पण स्टाइल ट्वीक्स नावाचा मेनू आहे आणि त्यात एकेका पुस्तकापुरती आपली सीएसएस लिहिता येते. देवनागरीसाठी याचं मोल फार आहे. इंग्रजी मजकुराच्या हिशोबाने ठेवलेली ओळींची उंची आपल्याला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला घासतो, आणि पुस्तकाने उंची पक्की बांधून ठेवली असेल तर काही ॲपमध्ये ती बदलतच नाही. इथे एका ओळीत दीडपट करून टाकली. सरळ दोन्ही कडांना ताणलेला मजकूरही डावीकडे लावला, म्हणजे लांब मराठी शब्दांमुळे मधे पडणारी खिंडारं गेली. फॉन्ट केर्निंग (अक्षरांची जुळणी) हा पर्याय 'बेस्ट'वर असू द्या, जोडाक्षरं नीट जुळतात.

यंत्र विकायचं मनात आलं होतं, ते आता नाही. रोज रात्री वाचते, आईही वाचते. कथा-कादंबरी वाचणार असाल तर रकान्यांची ही भानगड तुमच्या वाटेला येणार नाही, बिनधास्त घ्या. कविता, ओव्या, मूळ संहिता आणि टीप, पाककृतींची साहित्य-कृती अशी दोन अंगांची पुस्तकं वाचणार असाल, तर विकत घेण्याआधी नमुना प्रकरण स्वतःच्या यंत्रावर उघडा, अक्षर दोन पायऱ्या मोठं करा आणि मग ठरवा.

दुरुस्त केलेलं एक प्रकरण प्रकाशकाला पाठवलंय, काय बदललं ते लिहून. त्या मालिकेचा पुढचा खंड आलाय, किंमत २५० रुपये. नमुना मागितला आहे. तो या रीडरवर ओवीखाली अर्थ दाखवत उघडला तर घेईन, नाहीतर छापील प्रत.