ब्रेस्ट पंप सहा महिने वापरून: मशीन ठीक, पण त्या व्हॉल्व्हने जीव खाल्ला

वॉरंटी एक वर्षाची आहे, पण मोटरची. मोटर अजून एकदाही रुसलेली नाही. फाटतो तो तिच्या खाली बसणारा पांढऱ्या सिलिकॉनचा व्हॉल्व्ह. अंगठ्याच्या पेराएवढा, खालच्या टोकाला चोचीसारखी फट. तो वॉरंटीत येत नाही, कारण कंपनीच्या लेखी तो 'झिजणारा भाग'. बरं, झिजणारा आहे तर खोक्यात एखादा जास्तीचा टाकावा? नाही. सुटा विकावा? तेही नाही. ९०० रुपयांचं अख्खं किट घ्या म्हणतात, त्यात फनेल (छातीला लावायचा कर्णा), बाटली, झाकण आणि एक व्हॉल्व्ह. या अभिप्रायातला निम्मा मजकूर त्या व्हॉल्व्हबद्दलच असणार, आधीच सांगते. कंपनीचं नाव घालत नाही. या किमतीतल्या (मला ३,४०० ला पडला) चार्जिंगच्या बहुतेक पंपांत अशीच रचना असते.

पंप हौसेने घेतला नाही. सिझर झालं, दूध उशिरा उतरलं, लेकराचं वजन जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेलं आणि लघवीही कमी झाली. डॉक्टरांनी वरचं दूध सुरू केलं. ते बरोबरच होतं. पहिल्या दिवसांत थोडं वजन बहुतेक सगळ्याच बाळांचं उतरतं, पण इतकं उतरल्यावर वाट बघत बसत नाहीत. माझी तक्रार पुढची आहे. पावडरच्या दुधाचा डबा सुरू करायची चिठ्ठी मिळाली, बंद कसा करायचा ते कुणी लिहून दिलं नाही. सेलूजवळ माहेरी आले तेव्हा प्रत्येक वेळी अंगावर पाजून झालं की वरून पावडरचं दूध, असं चाललं होतं. लेकरू जरा कुरकुरलं की आजी म्हणायची, "रडायलंय बघ, पुरंना तुझं." मग पुन्हा डबा. पोट भरलेलं लेकरू छातीला कमी ओढतं, कमी ओढलं की दूध कमी बनतं, आणि आजीचं म्हणणं खरं ठरतं.

टाके दाखवायला गेले तेव्हा तिथल्या वयस्कर सिस्टरनी अर्धा तास बसून समजावलं. आधी दोन्ही बाजूंनी पाजायचं, मग ठरलेलं वरचं दूध बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने), बाटलीने नाही, आणि मग पंपाने छाती रिकामी करायची. पंपातून जेवढं निघेल तेवढं पुढच्या वेळी पावडरच्या जागी द्यायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं व्हायला हवं. रात्रीचं पाजणं सोडायचं नाही, कारण दूध बनवणारं हार्मोन रात्री जास्त असतं. पावडर एकदम बंद नाही, दर दोन-तीन दिवसांनी थोडी थोडी उतरवायची. सुरुवात सकाळपासून, तेव्हा दूध भरपूर असतं. संध्याकाळचं सगळ्यात शेवटी, कारण त्या वेळी बहुतेक लेकरं किरकिर करतात. आणि नुसत्या रडण्यावर काही ठरवायचं नाही. दिवसातून सहा तरी दुपटी भिजताहेत का, वजन रोज सरासरी वीस-तीस ग्रॅमने वाढतंय का, एवढं बघायचं. वजन घटलं किंवा अडलं तर थांबून डॉक्टरांकडे यायचं. गावातल्या आशाताई (आरोग्य कार्यकर्त्या) ठरलेल्या दिवशी वजनकाटा घेऊन घरी यायच्याच, म्हणून मला दवाखान्याच्या फेऱ्या कमी माराव्या लागल्या.

पंपाच्या खोक्यात दूध पाजायची एक बाटली आणि निपल फुकट येतं. सिस्टर म्हणाल्या, ते माळ्यावर टाक. १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे पावडरची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, पण पंपाच्या खोक्यातून बाटली घरात येतेच!

आता मशीन. खेचायच्या पातळ्या भरपूर आहेत, मला मधलीच पुरली. जोर वाढवला म्हणजे दूध जास्त येतं असं अजिबात नाही, नुसतं दुखतं. फनेल २४ मिलिमीटरचं येतं, मला मोठं झालं. २१ चं घातल्यावर दुखणं कमी आणि दूध जास्त. हे माप कंपनीने विकतानाच विचारायला हवं. बॅटरीला मात्र पैकीच्या पैकी गुण. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे लाईट कधी जाईल त्याचा नेम नसतो, तरी पंप एकदाही अडला नाही. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं पुस्तिकेत लिहिलंय, पण ते पंचवीस अंश तापमानाला. परभणी जिल्ह्यातल्या मे महिन्यात ते वाक्य वाचून हसू येतं. मी लगेच पाजायची, नाहीतर फ्रिजमध्ये.

पावडर निम्म्यावर आली आणि पंपातून दूध एकदम घटलं. आधी वाटीभर निघायचं, आता बुडाशी जेमतेम. आईने हाळीवाच्या लाडवांचा नवा घाणा केला, शेपूची भाजी रोज, काकू शतावरी घेऊन आल्या. सगळ्यांनी माझ्या अंगात दोष शोधला, पंपात कुणीच नाही! शेवटी बाबा पंप पिशवीत घालून सेलूला मोंढ्यातल्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने मोटर ऐकली, तोंडाला बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "काका, मशीन फर्स्ट क्लास आहे, हे रबर फाटलंय." फट कडेने केसभर चिरली होती. तेवढ्याने हवा आत जाते आणि ओढच बसत नाही. दिवसातून अनेकदा वापर असेल तर हा व्हॉल्व्ह महिन्या-दोन महिन्यांत बदलायचा असतो, आत ब्रश घालायचा नसतो. यातलं एक अक्षर पुस्तिकेत नाही.

कस्टमर केअरला फोन केला तर त्यांना पंपाचा व्हिडिओ हवा, बिल हवं, मग पंप कुरिअरने पुण्याला पाठवा, आठ-दहा दिवस लागतील. ओल्या बाळंतिणीला आठ-दहा दिवस! मी म्हटलं, दादा, पंप नको, चिमूटभर रबर पाठवा. तशी सोय नाही म्हणे.

तेवढे दिवस हाताने काढलं, स्टीलच्या वाटीत, गरम पाण्याने शेकून. आधी थेंब थेंब, मग बरंच. कधी कधी तर पंपाइतकं. इथे माझं पंपाबद्दलचं मत जरा उतरलं, खरं सांगायचं तर.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, दोन स्टार देऊन. पुढचं नंतरचं. दुसऱ्याच कंपनीचे त्याच मापाचे व्हॉल्व्ह भावाने ऑनलाइन शोधले, १६० रुपयांत दोन. बसवले आणि दूध पहिल्यासारखं. मेअखेर डबा पूर्ण बंद झाला, वजन नीट वाढत राहिलं. म्हणून एक स्टार वाढवते. तो मोटरचा आणि बॅटरीचा, सर्व्हिसचा नव्हे.

हिशोब विचाराल तर ४०० ग्रॅमचा डबा आमच्याकडे आठवडाभर पुरायचा, चारशेच्या वर किंमत. पंप ३,४००, म्हणजे आठ डबे. सहा महिन्यांत वसूल होऊन वर उरले. १८० दिवसांची रजा संपून आता शाळेत जाते, मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात पंप चालतो, आवाज पंख्यात मुरतो. पर्समध्ये एक नवा व्हॉल्व्ह कायम.

नणंदेची तारीख दिवाळीनंतरची आहे, तिने पंप मागितलाय. देणार नाही. या प्रकारच्या पंपात दूध नळीतून मागे मोटरपर्यंत जाऊ शकतं, आणि मोटर काही उकळता येत नाही. बोंडलं देते, ते उकळून निघतं. पंपाचं आधी दूध कसं उतरतंय ते बघून ठरव म्हटलंय. आणि घेतलाच तर फनेलचं माप विचारून घे, दोन व्हॉल्व्ह त्याच दिवशी मागव.